वेळ उरल्यास

बुधवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला तिने एका अनोळखी माणसाची पंधरा मिनिटं कापली, आणि मग नाव वाचलं. नाव तिच्या बाबांचं होतं.

कापाकापी हे तिचं कामच होतं. हॉस्पिटलात नऊ ऑपरेशन थिएटरं होती, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या थिएटरात, कोणाच्या पाठोपाठ कोण आत जाणार याची यादी ती लावायची. चौदा वर्षं लावत होती. डॉक्टर लोक मनाला येईल तो आकडा लिहून पाठवत. पित्ताशयवाले नव्वद मिनिटं मागत आणि पासष्टाव्या मिनिटाला हात धुऊन मोकळे होत. हाडांचे डॉक्टर एक तास म्हणाले की दोन धरायचे, आणि त्यांना मध्येच गाणं गुणगुणायची लहर आली तर सव्वादोन. हर्नियाचे डॉक्टर पंचाहत्तर लिहीत, पण हात झपाट्याचा, साठात उरकत. त्यामुळे हर्निया दिसला की ती नाव न बघताच पंचाहत्तरचे साठ करायची. अशा उरवलेल्या पंधरा-पंधरा मिनिटांतून आठवड्याला चार जास्तीची माणसं यादीत बसत, आणि याचा तिला अभिमान होता. चार माणसं म्हणजे चार माणसं. पाठीमागे आपल्याला सगळे घड्याळबाई म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचंही.

आता पडद्यावर ते नाव होतं. आडनाव आधी, मग नाव, मग आजोबांचं नाव, अशा उलट्या क्रमाने ते तिने कधी वाचलंच नव्हतं, म्हणून क्षणभर ते कोणा सरकारी माणसाचं वाटलं. वय शहात्तर. उजव्या बाजूचा हर्निया. शुक्रवार, थिएटर तीन, नंबर चौथा, म्हणजे शेवटचा. तिला वाटलं, नावासारखं नाव असेल. मग तिने जन्मतारीख पाहिली, पत्ता पाहिला, आणि ‘जवळचा नातेवाईक’ या रकान्यात पाहिलं. तिथे एक फोन नंबर होता, तो तिचा नव्हता, आणि नात्याच्या जागी लिहिलं होतं: शेजारी. तिने बाबांची पंधरा मिनिटं परत दिली. मग तिला वाटलं, ही लबाडी झाली, डॉक्टरांना लागतात साठच. तिने ती पुन्हा कापली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. वाईट वाटायला हवं होतं, निदान राग यायला हवा होता. पण जे वाटलं ते कुतूहल होतं, लहान मुलाला बंद कपाटाबद्दल वाटतं तसं. या माणसाने हे कधी ठरवलं? तपासायला कधी आला? बाह्यरुग्ण विभाग याच इमारतीत, दोन मजले खाली. म्हणजे निदान तीनदा तरी बाबा तिच्या पायाखालून येऊन गेले होते. लिफ्टपाशी उभे राहिले असतील. वर बघितलं असेल का?

गेल्या रविवारी ते काय बोलले होते हे ती आठवू लागली, आणि आठवेना. रविवारी पाच ते पाच वीस बाबांचा फोन. तिच्या मोबाईलमधल्या कॅलेंडरात तो फिकट जांभळ्या रंगात होता. ऑफिस निळं, घर हिरवं, मुलगी पिवळी. जांभळा शेवटी उरला म्हणून बाबांना मिळाला. वीस मिनिटं पुरत. उलट बाबा स्वतःच अठराव्या मिनिटाला आवरतं घेत, “बरं मग, ठेवतो, तुझी कामं असतील,” म्हणत, आणि तिला दर वेळी बरं वाटे की निदान एक माणूस असा आहे की ज्याला वेळेची किंमत कळते. कळणारच. बाबांनी छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, ट्रंककॉलच्या काळात, कानाला ते काळं यंत्र लावून. दोन गावं जोडून द्यायची आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून म्हणायचं, “तीन मिनिटं झाली, वाढवायची का?” लहानपणी घरातही तो खेळ चालायचा. ती आईशी हुज्जत घालू लागली की बाबा पेपरमागून तोच सपाट आवाज काढत, “तीन मिनिटं झाली, वाढवायची का?”, आणि आई म्हणायची, “तोडा हो लाईन, तोडा एकदाची.”

आईचं आठवलं की ती दुपार येतेच, तशी आली. आठ वर्षांपूर्वीची. आई घराजवळच्या एका लहान हॉस्पिटलात होती, आणि एक पन्नासला बाबांचा फोन आला, “ये.” एवढंच. तिने विचारलं, लगेच? ते म्हणाले, “ये तू.” दुसऱ्या दिवशीची यादी अर्धी लावून झाली होती, अर्धी तशीच टाकली असती तर सकाळी नऊ थिएटरांत गोंधळ उडाला असता, म्हणून ती वीस मिनिटं थांबली, मग पार्किंगमध्ये कोणीतरी तिच्या गाडीच्या पुढ्यात गाडी लावली होती, मग रस्ता. ती पोचली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आई अडीचला गेली होती. बाबा पलंगाशी उभे होते, त्यांचा तळवा आईच्या कपाळावर होता, आणि त्यांनी तिच्याकडे पाहून नुसती मान हलवली. चाळीस मिनिटं. कोणी तिला काही म्हणालं नाही. त्यानंतरच्या वर्षी तिने वेळेच्या नियोजनावरची सहा पुस्तकं वाचली, दोन शिबिरं केली, वही केली, रंग केले. नवऱ्याला वाटलं दुःख विसरायला काहीतरी हवं असतं, होईल कमी. झालं नाही. उलट तिला त्यात गती निघाली. हॉस्पिटलातल्या नव्या लोकांना ती स्वतः शिकवू लागली, काम आणि घर यांच्यात भिंत कशी घालावी, भिंतीत दार कुठे ठेवावं, दाराला कडी कशी लावावी. लोक टाळ्या वाजवत. एकदा एका सिस्टरने विचारलं होतं, “पण मॅडम, दारावर कोणी आलं तर?” सगळे हसले होते. तीही हसली होती.

त्या संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलापाशी तिने सांगून टाकलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून त्याने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, “विचार ना त्यांना सरळ. फोन कर.”

“आज बुधवार आहे,” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

नवरा हसला नाही. “तुझ्याशी भांडायचं असलं तरी मी आधी वेळ घेतो,” तो म्हणाला, “मला सवय झालीये. त्यांची गोष्ट वेगळी.” तो कडवट बोलला असता तर तिला उत्तर देता आलं असतं, पण तो नकाशात नदी दाखवावी तसा बोलला, ही इथून निघते, ही इथे मिळते.

मुलगी बारा वर्षांची, पुढचे दोन दात मोठे म्हणून लहानपणापासून खारू. ती ताटातले वाटाणे एका ओळीत लावत होती. न बघता म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“आजोबांचं ऑपरेशन. शनिवारी पोहून झालं की मी जाते ना तिथे. त्यांनी सांगितलं, आईला नको बोलूस, तिचं सगळं पुढे-मागे होईल.” मग, आईने हातातला घास ताटात परत ठेवलेला बघून, समजूत घालायला म्हणून म्हणाली, “आणि ते तुझ्याशी बोलायच्या आधी कागदावर लिहून घेतात. काय काय बोलायचं ते. मी एकदा बघितलं. मी पण तसंच करते आता.”

“तू कोणाशी?”

“तुझ्याशी,” खारू म्हणाली आणि वाटाणा तोंडात टाकला.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीला जोडून तिने पाऊण तास काढला. तोही निळ्यातून काढावा लागला, आणि कॅलेंडर विचारू लागलं, याला नाव काय देऊ? तिने काहीच दिलं नाही. बाबांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या दारातून शिंपीकाका बाहेर आले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गळ्यात टेप. त्यांनी तिच्याकडे खांद्यापासून खांद्यापर्यंत माप घेतल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, “फिरायला गेलेत. येतील पंधरा मिनिटांत. किल्ली आहे माझ्याकडे, आत बसा.” मग किल्ली देता देता, चोरी पकडली गेल्यासारखे, “मी म्हटलं होतं हो त्यांना, मुलीचा नंबर द्या म्हणून.” आत खोली होती तशीच होती, म्हणजे तिला वाटलं होती तशीच आहे, पण मग एकेक दिसू लागलं. खुर्ची खिडकीपासून हलवून फोनजवळ आणली होती. खालच्या फळीवरची जड भांडी वर, कमरेच्या उंचीवर आली होती. वाकायला नको म्हणून. कधीपासून त्यांना त्रास होत असेल? एक वर्ष? गेल्या वर्षभरात ती इथे पाच वेळा तरी आली होती, आणि भांडी वर चढलेली तिला दिसली नव्हती, कारण दर वेळी ती खारूला सोडायला किंवा न्यायला आली होती आणि खाली गाडी चालू होती.

कागद फोनशेजारीच होते. जुन्या कॅलेंडरच्या पानांचे चौकोन, पाठकोरे, एका चिमट्यात लावलेले. एक्स्चेंजमध्ये बुकिंगच्या चिठ्ठ्या लावत तसे. वाचू नये हे तिला कळत होतं. तिने वाचले. वरच्यावर येत्या रविवारची तारीख होती, आणि बाबांचं ते उभट, एकमेकांना न चिकटणारं अक्षर: नळ दुरुस्त झाला. खारूची शर्यत, दुसरा नंबर (तिला माहीत असल्यास आश्चर्य दाखवू नये). दाढ काढली, सांगू नये. तिची झोप विचारणे. जावयांना पुस्तक परत. आणि खाली एक रेघ मारून: वेळ उरल्यास, तिच्या आईचं ते. तिने खालचा कागद बघितला, मागच्या रविवारचा. वरच्या सगळ्या ओळींवर काट मारलेली, रेघेखालची ओळ तशीच: वेळ उरल्यास, तिच्या आईचं ते. त्याखालचा. त्याखालचा. तिने मोजले नाहीत, पण चिमटा जाड होता. काही कागदांवर रेघेखाली आधी आणखीही काही होतं, चिमण्यांचं घरटं, ट्रंककॉल लावणाऱ्या एका बाईची गोष्ट, आणि ते कधीतरी कंटाळून गळून गेलं होतं. पण ही ओळ आठवड्यामागून आठवडे पुढच्या कागदावर येत राहिली होती. आईचं ते म्हणजे काय? दागिना? आजार? कोणाला दिलेला शब्द? पोट धरून कोणी जिना चढावा तशी ती त्या एका शब्दापाशी थांबत, श्वास घेत राहिली. आणि वेळ उरला नव्हता असं नव्हे. वीस मिनिटं असत, आणि बाबा अठराव्यालाच फोन ठेवत. ती दोन मिनिटं कशाला होती? त्यात मावणार नाही म्हणून, की मावेल या भीतीने?

दार उघडलं तेव्हा तिच्या हातात चिमटा नव्हता, पण चेहऱ्यावर असावा. बाबा दारातच थांबले. त्यांचा रंग उतरला. “काय झालं? खारू कुठाय?”

“काही नाही झालं. सहज आले.”

“आज गुरुवार ना?” ते म्हणाले. त्यांनी भिंतीचा आधार घेतला, खरोखरच घेतला. आपण न ठरवता आलो तर या माणसाला आधी मरणच आठवतं, हे तिला त्या हाताकडे बघून कळलं.

“शुक्रवारी थिएटर तीनमध्ये चौथ्या नंबरला कोण आहे?” तिने विचारलं.

“अरेच्चा,” बाबा म्हणाले. “तुला दिसतं होय ते सगळं?” मग खुर्चीवर टेकत, जरा ओशाळून, “मला वाटलं, नुसते नंबर येत असतील.”

“दुसरीकडे कुठे केलं असतं तर दिसलं नसतं.”

“दुसरीकडे कशाला? तू तिथे आहेस ना.” ते हे इतक्या साधेपणाने म्हणाले की तिला अर्थ लागायला वेळ लागला. “म्हणजे, तुला त्रास नाही द्यायचा. पण तू आपली वर असणार. तेवढं पुरे.” पुढे ती रागावली, ते हसले, शिंप्याचा नंबर काढून तिचा लिहायचं ठरलं. आईचं ते काय, हे तिच्या ओठांवर तीनदा आलं. पण पाऊण तासातली दहाच मिनिटं उरली होती, आणि दहा मिनिटांत विचारू नये असं काहीतरी ते आहे एवढं तिला आता कळत होतं. ती निघाली तेव्हा बाबांनी हळूच चिमटा उलटा करून ठेवलेला तिने पाहिला.

शुक्रवारी दहा चाळीसला इमारत रंगवणारा एक माणूस परांचीवरून पडून आला. प्लीहा फुटली होती. तो थिएटर तीनमध्येच जाणार होता, कारण पोटाचे डॉक्टर तिथे होते. पहिला रोगी बाहेर आला होता, दुसऱ्याला टाके घालत होते. म्हणजे सव्वाअकरा ते सव्वादोन हा रंगारी, मग साफसफाई, आणि पाचला थिएटर बंद. उरलेल्या दोघांतला एकच बसणार होता. तिसऱ्या नंबरावर थायरॉईडच्या गाठीची एक बाई होती, दोन तासांची. चौथ्यावर बाबा. डॉक्टरांनी आतूनच फोन केला. मागून यंत्राचा टिक टिक आवाज येत होता. “तो हर्निया आहे ना शेवटी, छोटा आहे, तो बसेल आरामात. थायरॉईड ढकला पुढच्या आठवड्यात. मंगळवारी बघू.”

बस, “बरं” म्हणायचं होतं. लग्नानंतरचं तिचं आडनाव वेगळं. त्या नऊ थिएटरांत कोणालाही कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी मागणी डॉक्टरांचीच होती. पडद्यावर थायरॉईडच्या नावापुढे दोन लहान बाण होते. दोनदा पुढे ढकललेली. दोन्ही वेळा तिनेच ढकलली होती. बाई तीन वेळा उपाशी राहिली होती, तीन वेळा घरच्यांनी रजा काढली होती; पहिल्यांदा ती रडली आणि दुसऱ्यांदा काहीच बोलली नाही असं वॉर्डातून कळलं होतं, आणि ते काहीच न बोलणं तिच्या लक्षात राहिलं होतं. नियम तिनेच केला होता: दोनदा ढकललेल्याला तिसऱ्यांदा ढकलायचं नाही. तिला स्वतःचा राग आला, इतका स्वच्छ नियम करून ठेवल्याबद्दल. “डॉक्टर, थायरॉईड दोनदा गेलीये,” ती म्हणाली. “पावणेतीनला घेतली तर पावणेपाचला होईल. चौथा ढकलते.”

“तुम्ही म्हणाल तसं, घड्याळबाई,” डॉक्टर म्हणाले. फोन ठेवला.

तिने बाण लावला. एक बाण. मग शेजारच्या टेबलावरच्या वयस्क साहाय्यक बाईंना म्हणाली, “आजचं तुम्ही बघाल? मी वॉर्डात चाललेय.”

“सांगायला? सिस्टर सांगतील की.”

“नाही, मी सांगते. माझे वडील आहेत ते.”

साहाय्यक बाईंनी चष्मा काढला. आठ वर्षांत त्यांनी तिला दुपारच्या आत खुर्ची सोडताना पाहिलं नव्हतं. “जा,” त्या म्हणाल्या, “आणि फोन इथेच ठेवून जा.” तिला ते सुचलं नव्हतं. तिने ठेवला.

बाबा हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यात पलंगावर बसले होते, पाय खाली सोडून, मोजे न घातलेले. झग्यात माणूस निम्मा होतो हे तिला कागदावरून माहीत नव्हतं. तिने उभ्या उभ्याच सांगितलं, रंगाऱ्याचं, थायरॉईडचं, बाणांचं, आणि शेवटी, “मी ढकललं तुम्हाला. डॉक्टर घेणार होते.”  बाबांचे खांदे हलू लागले. “म्हणजे लाईन तोडलीस होय माझी,” ते हसत म्हणाले, आणि उजवी बाजू हाताने दाबून धरली. “बरं केलंस. ती बाई सकाळपासून समोरच्या वॉर्डात येरझाऱ्या घालतेय. मला चहा मिळेल का आता? रात्रीपासून घोटभर पाणी नाही.”

चहा आला, बिस्किटं आली. डॉक्टर रंगाऱ्यातून मोकळे झाल्याशिवाय घरी सोडायच्या कागदावर सही होणार नव्हती, म्हणजे अडीच वाजणार. बारा वाजत होते. ती पलंगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसली. नळ, शर्यत, दाढ, झोप, पुस्तक. सगळं अकरा मिनिटांत संपलं. मग काही नव्हतं. तिला वाटलं, आता उठायला हवं, आणि उठायला कुठे काही नव्हतं, फोनही वर. हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे कळेना. समोरच्या भिंतीवर उन्हाचा चौकोन होता, तो भिंतीवरून पलंगाच्या कठड्यावर येईपर्यंत दोघं गप्प होती, आणि या गप्पपणाला अठरावं मिनिट नव्हतं हे तिला हळूहळू, पाण्यात उतरताना थंडी अंगभर चढते तसं, जाणवू लागलं. पुढे काय येणार हे माहीत नसताना ती शेवटची कधी बसली होती? बाबाही असेच बसत असतील का, कानाला यंत्र लावून, दोन गावांच्या मधोमध?

“तुम्ही ऐकायचात का हो लोकांचं बोलणं?” तिने विचारलं. हे तिने चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं.

“मनाई होती,” बाबा म्हणाले. मग, “ऐकायचो.” आणि त्यांनी त्या बाईची गोष्ट सांगितली, दर आठवड्याला लांबच्या एका गावी फोन लावणारीची. दोन मिनिटं बोलायची, तिसरं मिनिट दोघंही गप्प. नुसते श्वास. “मी आपला वाट बघतोय, आता काहीतरी बोलतील. तीन मिनिटं झाली म्हटलं की ती म्हणायची, वाढवा. आणि वाढवून पुन्हा गप्प! मला वाटायचं, काय वेडी माणसं आहेत.” ते बिस्किट चहात बुडवायचं विसरून हातात धरून बसले. “तुझ्या आईचं एक सांगायचं होतं.”

तिने स्टूल जरा पुढे ओढलं.

“ती गेली तेव्हा मी तिथे नव्हतो.”

वॉर्डात कुठेतरी ट्रॉलीचं चाक करकरलं. “होतात,” ती म्हणाली. “मी आले तेव्हा तुम्ही—”

“तू आलीस तेव्हा होतो. त्याच्या आधी नव्हतो. तुला फोन केला, मग थोड्या वेळाने तिला झोप लागली, शांत होती. मी म्हटलं पाच मिनिटं खाली जाऊन चहा घेऊन येतो. पाचाची पंचवीस झाली. वर आलो तर सिस्टर उभ्या. मग तू आलीस, आणि तुझा चेहरा बघितला, आणि... तू धरून चाललीस की मी होतो. मी म्हटलं, असू दे. निदान एक जण तरी होतं असं वाटू दे तुला. मग तू ते रंगांचं सुरू केलंस, वह्या सुरू केल्यास, घड्याळाशी लग्न लावलंस, आणि मला कळेना की आता कसं सांगायचं. दर रविवारी म्हणायचो, आज सांगू. अठरा मिनिटं झाली की माझाच धीर सुटायचा.”

ऑपरेशन पुढे मंगळवारी झालं, नीट झालं. त्या दिवशी ती रजेवर होती आणि नातेवाईकांच्या खोलीत खारूशेजारी बसून होती. नंतर सगळं सुतासारखं सरळ आलं असं नाही. यादी ती अजून लावते, कापते, नियम पाळते. रविवारच्या फोनला शेवटची वेळ लिहिणं तेवढं तिने सोडलं, कधी तो चार मिनिटांत आटपतो आणि कधी तासभर चालतो, आणि त्यापायी दोनदा खारूला मैत्रिणीकडून आणायला उशीर झाला. पण हे नंतरचं. त्या शुक्रवारी, स्टुलावर, तिला फक्त एवढं कळत होतं की आठ वर्षं ती ज्या चाळीस मिनिटांच्या पलीकडे उभी होती, तिथे पलीकडेही कोणी नव्हतं. आई एकटी होती. हे भयंकर वाटायला हवं होतं. वाटलंही, एक क्षण, पोटात खड्डा पडला. आणि मग, का कोण जाणे, तो खड्डा रुंद झाला आणि त्यात बाबाही मावले. तिने त्यांच्या हातातलं नरम झालेलं बिस्किट काढून घेतलं.

“पंचवीस मिनिटं काय करत होतात?” तिने विचारलं. तिच्या आवाजात ठपका नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “सांगू? हसू नकोस. मी हसत होतो, हेच तर...” ते थांबले. “खाली फाटकात दोन गाड्या समोरासमोर आल्या होत्या. एक आत येणारी, एक बाहेर जाणारी. फाटक एका गाडीपुरतं. एकाने काच खाली केली, म्हणाला, तुम्ही या आधी. दुसरा म्हणाला, छे छे, आधी तुम्ही. मग दोघं एकदमच मागे गेले. मग दोघं एकदमच पुढे आले. पुन्हा मागे. मग उतरलेच खाली. ‘अहो मी सांगतोय ना, आधी तुम्ही!’ ‘मला शहाणपण शिकवू नका, आधी तुम्ही!’ आवाज चढले, लोक जमले, कॉलर धरायची तेवढी बाकी राहिली. सभ्यपणावरून! मी पायरीवर कप घेऊन उभा. इतकं हसलो, इतकं हसलो, की चहा सांडला अंगावर. तुझ्या आईला वर जाऊन सांगायचं म्हणून नीट बघून ठेवत होतो, कोण काय म्हणतो ते.”

ती हसली. तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि पाणी आल्यावर ते हसण्याचं आहे की कसलं हे बघायच्या भानगडीत पडली नाही. शेजारच्या पलंगावरचा माणूसही, काही न कळता, हसू लागला.

“मग?” तिने डोळे पुसत विचारलं. “शेवटी आधी कोण गेलं?”

बाबा खिडकीकडे बघत होते. “ते बघायचं राहिलंच,” ते म्हणाले. “चहा संपला होता. मी वर आलो.”